हंसाबेनचा पाहुणा

सोमवार आमचा चित्रांचा वार. रविवारी अख्खं मीरा-भाईंदर घराबाहेर पडलेलं असतं. स्टूल उघडून बसलं की दहा मिनिटांत पाठीमागे चौदा माणसं जमतात आणि त्यातला एक तरी "नाक जरा लांब झालंय" असं सांगून जातो. सोमवारी ही सगळी मंडळी कामावर असतात. मी आणि हंसा नसतो. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले त्याला पाच वर्षं झाली. हंसाने आयुष्यभर दोन मुलं आणि एक नवरा सांभाळला. मुलं परदेशी गेली, नवरा देवाघरी गेला, आणि ती आमच्या समोरच्या विंगमध्ये पाचव्या मजल्यावर एकटी राहते.

आम्हाला दोघींनाही चित्रं काढता येत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पण आवड दांडगी. घडीची दोन स्टुलं, दोन रंगपेट्या, पाण्याच्या बाटल्या आणि हंसाचे थेपले घेऊन आम्ही कधी उत्तनला होड्या काढायला जातो, कधी चेण्याला नदीकाठी. माझा नवरा सुभाष याला "पेन्शनरांचं पर्यटन" म्हणतो. म्हणू दे. निवृत्तीनंतर पहिलं वर्ष मी खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगचे कपडे मोजत काढलं होतं. हंसाने एक दिवस दारात येऊन विचारलं, "रांगोळी काढते तशी झाडं पण काढते का?" आणि मला खिडकीतून उठवलं. त्या बाईचे माझ्यावर केवढे उपकार आहेत ते मी तिला कधी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ती फार चढली असती.

हंसा ठाकुरद्वारला वाढलेली. तिचं मराठी फर्डं, फक्त लिंगं सगळी तिची स्वतःची. तिची चहा नेहमी उकळली असते आणि पाणी नेहमी संपला असतो. हिंदी ती रिक्षावाले, प्लंबर आणि केबलवाला यांच्यासाठी राखून ठेवते, म्हणजे भांडायला.

तर मार्चमधला सोमवार. सकाळी मी नया नगरमधून जाड कागदाच्या दोन वह्या आणल्या, हंसाला स्टेशनवर गाठलं, आणि आम्ही भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या बसने मुर्ध्याला उतरलो. मिठागरं काढायची होती. डोक्यात बरेच दिवस घोळत होतं ते.

मिठागर पाहिलं नसेल तर सांगते. उथळ पाण्याचे चौकोन, त्यांच्यामध्ये मातीचे अरुंद बांध, आणि बांधांवर मिठाचे पांढरे ढीग. झाड नाही, सावली नाही. खाऱ्या चिखलाचा वास थेट घशात उतरतो. आवाज म्हणाल तर नाहीच. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज काही पावलांत मागे राहतो आणि मग आपल्याच चपला ऐकू येत राहतात. साडेनऊचं ऊन पाण्यावरून उलटं डोळ्यांत येत होतं.

आणि मधल्या बांधावर एक म्हातारा बसला होता.

उघडाबंब, कमरेला आखूड पंचा, डोक्याला फडकं. हात गुडघ्यांवर. गुडघ्यापर्यंत पाय मिठाने पांढरे झालेले. हंसाने मला कोपर मारलं. चित्राला माणूस मिळणं म्हणजे लॉटरी, कारण माणसं हलतात. म्हैससुद्धा हलते. हा हलत नव्हता.

कुठे बसायचं यावरून आमचं नेहमीप्रमाणे वाजलं. हंसाला डोळ्यांवर ऊन आलं की डोकं चढतं, म्हणून ती पूर्वेच्या बांधावर गेली, उन्हाकडे पाठ करून. मला चमकत्या पाण्यावर काळी आकृती हवी होती, म्हणून मी पश्चिमेच्या बांधावर, उन्हाकडे तोंड करून बसले. म्हणजे म्हातारा आमच्या दोघींच्या बरोबर मध्ये. त्याच्या खांद्यामागे मला हंसाची पिवळी छत्री दिसत होती. तिलाही पलीकडे माझी लाल टोपी दिसत असणार.

दीड तास. दीड तासात तो माणूस एकदाही खाजला नाही, खोकला नाही. वारा होता, माझा कागद फडफडत होता, मी त्याला चार चिमटे लावले होते. असं मॉडेल मोठमोठ्या चित्रकारांना मिळत नसेल. मी तर खूश होऊन हळू आवाजात गुणगुणत होते. हात असा चालला होता की विचारू नका. डाव्या गालावरचा तीळसुद्धा मी टिपला.

अकरा वाजता सामान आवरलं. आपण कुणाला दीड तास बसवून ठेवलं तर न बोलता कसं उठायचं? मी उभी राहिले, हात हलवला आणि ओरडून म्हणाले, "काका, थँक्यू हं! येते!" पलीकडून हंसाने छत्री हलवली आणि तिच्या खणखणीत आवाजात हाक दिली, "आवजो, काका! आवजो!"

म्हातारा काही बोलला नाही. आम्हीही राग मानला नाही.

परतीच्या बसमध्ये हंसा मिश्कील हसत होती. "बिचारी तू. उन्हात पण बसली आणि मिळाली काय, तर पाठ!"

"मला पाठ? पाठ तुला मिळाली," मी म्हटलं. "तोंड माझ्याकडे होतं त्याचं."

"जा जा! मी दात मोजले असते, एवढा समोर होता."

"लाव पैज."

"लाव. हरशील तर पुढच्या सोमवारी थेपला तू करायची."

हसत हसत आम्ही तिच्या घरी पोचलो. तिने चहा टाकली, म्हणजे टाकला, आणि मी दोन्ही चित्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही चित्रांत बांध, दोन्ही चित्रांत मिठाचे ढीग. माझ्या चित्रात म्हाताऱ्यामागे पिवळी छत्री. तिच्या चित्रात म्हाताऱ्यामागे लाल टोपी. आणि दोन्ही चित्रांत म्हातारा सरळ समोर बघत होता. डाव्या गालावर तीळ. माझ्यातही डाव्या, तिच्यातही डाव्या.

आम्ही दोघी बराच वेळ बघत राहिलो. गॅसवर चहा उतू गेला तेव्हा भान आलं.

"मान वळवली असेल त्यानं..." हंसा म्हणाली.

"दीड तास? दोघींकडे?"

"मग आपण मनानं काढला असेल. आपल्याला कुठे नीट येते चित्र."

हे कारण मला फार पटलं. पटवून घेतलं म्हणा. पण घरी आल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि ती मी हंसाला सांगितली नाही. मी उन्हाच्या विरुद्ध बसले होते. मला काळी आकृती दिसायला हवी होती. उजेड पाठीमागे असलेल्या माणसाच्या गालावरचा तीळ मला दिसला कसा?

मंगळवारी सकाळी अकराला हंसाचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"मनोरमा, तू वर ये ना जरा. ते काका आला आहे."

"कोण काका?"

"कालचा."

मी तशीच गाऊनवर ओढणी टाकून गेले. दार उघडं होतं. हंसाच्या हॉलमध्ये पितळी कड्यांचा मोठा हिंचका, म्हणजे आपला झोपाळा, आहे, तिच्या सासऱ्यांच्या वेळचा. त्याच्यावर तो बसला होता. हात गुडघ्यांवर. पाय मिठाने पांढरे. डोक्यावरचा पंखा पाचवर फिरत होता, पडदे उडत होते, आणि हिंचका दगडासारखा स्थिर. समोरच्या टीपॉयवर हंसाने चांगल्या कपात चहा ठेवलेला, बशीत खाखरा.

दारातून मला त्याचा चेहरा दिसला. तीळ दिसला. तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, प्रेमाने नाही. कुणी आपलं चित्र काढत असलं की माणूस जसा बघतो तसा.

"इकडे ये..." हंसा स्वयंपाकघरातून कुजबुजली.

स्वयंपाकघर हिंचक्याच्या पाठीमागे आहे. मी भिंतीला पाठ लावून, एकेक पाऊल सरकत, हॉलच्या कडेने गेले. तो मान वळवत नव्हता. शपथेवर सांगते, मान जराही हलली नाही. पण मी कपाटापाशी होते तेव्हा समोर चेहरा होता, टीव्हीपाशी पोचले तेव्हा चेहरा होता, आणि स्वयंपाकघराच्या दारातून, जिथून मला पाठ आणि फडक्याची गाठ दिसायला हवी होती, तिथून... चेहरा. मी ओट्याला धरून उभी राहिले.

"कसा आला?" मी विचारलं.

"बेल नाही वाजला. मी पूजा करून बाहेर आली, तर बसलेला."

"काही बोलला?"

"नाही. बघतो फक्त."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना," हंसा म्हणाली. "म्हणून तर चहा ठेवली."

मी तिला म्हटलं, चल माझ्या घरी. आत्ता, नेसत्या साडीनिशी. ती तयार होईना. घरात पाहुणा बसलाय आणि यजमानीण निघून जाते, हे तिच्या डोक्यात बसतच नव्हतं. मी ओढलं, रागावले. तिने माझा हात सोडवला आणि दुपारसाठी वरण लावायला घेतलं, दोन माणसांचं.

बुधवारी मी सुभाषला घेऊन गेले. काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, हंसाकडे चहाला चल. सुभाष आला, इकडेतिकडे बघितलं, "काय हंसाबेन, काय म्हणतायत चित्रं?" म्हणाला, आणि मला ओरडायलाही वेळ न देता धपकन हिंचक्यावर बसला. बरोबर त्याच जागी. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सुभाष पाय जमिनीला लावून झोका घ्यायचा प्रयत्न करत होता, आणि त्याच्या आतून, त्याच्या डोक्यावरून की खांद्यातून ते मला सांगता येणार नाही, तो चेहरा माझ्याकडे बघत होता.

"हिंचका जाम झालाय तुमचा," सुभाष म्हणाला. "कड्यांना तेल घाला." मग उठून पँट चाचपली. "आणि इथे पाणी सांडलंय बहुतेक. गार लागलं."

घरी येऊन मी त्याची पँट धुवायला टाकली. वाळली तेव्हा मागच्या बाजूला पांढरा थर धरला होता.

आता म्हणाल, याच्यात घाबरण्यासारखं काय? म्हातारा बसतो, बघतो, खात नाही की बोलत नाही. असे पाहुणे पुष्कळांना आवडतील. मीही गुरुवारपर्यंत स्वतःला हेच सांगत होते. पण हंसा त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवायची आणि अर्ध्या तासात तो पेला रिकामा होऊन तळाशी मीठ उरायचं. पुन्हा भरायची, पुन्हा तेच. शुक्रवारी तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. माझ्यासमोर ती तीन तांबे पाणी प्यायली आणि चौथा भरायला उठली. हातांची कातडी सुरकुतून कागदासारखी वाजत होती. मी डॉक्टरांना घरी बोलावलं. ते हिंचक्यासमोरच्या खुर्चीत बसून म्हणाले, उन्हाळा आहे, पाणी जास्त प्या.

"त्याला सांग ना जा म्हणून," मी तिच्या पाया पडायची बाकी होते.

हंसाने त्याच्यासमोरचा पेला पुन्हा भरला. मग म्हणाली, "मनोरमा, एक सांगू? हसू नको. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत कुणी माझ्या समोर बसून माझ्याकडे बघितला नाही. मुलं फोनवर बघतात, पण ते तर स्वतःचाच चेहरा बघतात त्या छोट्या चौकोनात."

मी दर सोमवारी तिच्या शेजारी बसत होते, चार वर्षं. शेजारी. दोघी मिळून होड्यांकडे बघत, झाडांकडे बघत. मी घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले.

रविवारी सकाळी एकटीच मुर्ध्याला गेले. तिथे रस्त्यावर जिजाबाई गावठी भाजी घेऊन बसते. आमची ओळख मुळ्यावरून झालेली. तिच्या सासरची पूर्वी मिठागरं होती हे मला ठाऊक होतं. मी भाजीच्या टोपल्यांपाशी उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत ऐकत होती. हसली नाही, दचकलीही नाही.

"कोन तो, ते आमाला म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याला पन न्हवतं म्हाईत. बसतो. बसू द्याचं. तू बाय, निगताना काय बोललीस त्याला?"

"काय बोलणार? येते म्हटलं."

"नि ती तुजी मैतरीन?"

"ती गुजराती आहे. आवजो म्हणाली."

"म्हंजे?"

"म्हणजे... निरोप घेताना म्हणतात तसं. म्हणजे..." मी थांबले. चार वर्षांत हा शब्द मी हजारदा ऐकला होता आणि त्याचा अर्थ एकदाही मनात आला नव्हता. "म्हणजे, या."

जिजाबाईने हातातली जुडी खाली ठेवली.

"आमच्यात आगरावरनं येताना कोन कोनाला निरोप देत न्हाय. टोपली उचलाची नि चालाचं. तू येते बोललीस, तं त्याचं काय न्हाय. तू जा न्हायतं नको जाऊस, तो बसून ऱ्हाईल, त्याला कुटं घाई हाय? पन तिनं ये बोलला. ये बोलल्यावर मानूस येनारच."

"आता काय करायचं?"

"जिनं ये बोलला तिनं जा बोलाचं. सादा जा. तुमी शिकलेली मानसं गोल गोल बोलता, तसं न्हाय. आनि लवकर बोला. आगरावर पानी किती दिस टिकतं, तुना म्हाईत हाय ना?"

सोमवारी सकाळी नऊला मी हंसाकडे होते. ती दाराला धरून उभी होती. एका आठवड्यात तिची साडी तिला मोठी झाली होती. तो हिंचक्यावर होताच.

मी समजावलं. ती ऐकत होती आणि मान हलवत होती. "आवजोला दुसरा शब्दच नाही आमच्याकडे, मनोरमा. जा कसं म्हणायचं? कुत्र्याला म्हणतात जा."

"थांब, मी सुरुवात करून देते," मी म्हटलं. पदर खोचला, हिंचक्यासमोर उभी राहिले. कसं कुणास ठाऊक, जन्मभराची सवय जिभेवर येऊन बसली. पाहुण्याला उठवायचं असलं की आपण काय म्हणतो? तेच मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "बरं तर काका... या आता."

हंसा किंचाळली. "तू पण बोलावली त्याला!"

आणि त्या भयंकर घटकेला आम्हा दोघींना हसू फुटलं. खरंच सांगते. पोट धरून हसलो. हंसाच्या ओठांच्या भेगांतून रक्त आलं तेव्हा थांबलो. तिला धड हसवतसुद्धा नव्हतं, आणि माझ्या मनात पहिल्यांदा स्पष्ट आलं की ही आता मरणार.

मग मी एक केलं. डोक्यात योजना वगैरे नव्हती. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, हंसाला तिच्यावर बसवलं, मी तिच्यासमोर बसले, वही काढली. "हलू नको," म्हटलं.

"हे काय आत्ता?"

"तुझं चित्र काढते. गप्प बस."

हिंचक्याकडे मी पाहिलं नाही. डोळ्यांच्या कडेला तो होता, बघत होता, बघू दे. मी हंसाकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा असं नीट, तुकड्यातुकड्याने. तिची डावी भुवई अर्धी आहे हे मला माहीत नव्हतं. कानाच्या पाळीला दोन भोकं आहेत, एक बुजलेलं. मी तिच्या खोल गेलेल्या डोळ्यांखाली सावली भरली, फुटलेले ओठ काढले, गळ्याच्या शिरा काढल्या. अर्धा तास. ती आधी अवघडली, मग लाजली, मग नुसती बसून राहिली.

"झालं," मी म्हटलं आणि वही फिरवली.

हंसाने स्वतःला पाहिलं. चित्र काही फार बरं नव्हतं, पण खरं होतं. तिचा चेहरा रडताना होतो तसा वेडावाकडा झाला, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. तिने डोळे चोळले तर बोटांना पांढरी कणी लागली. ती त्या बोटांकडे बघत राहिली.

"मी बघेन तुझ्याकडे," मी म्हटलं. "रोज. कंटाळशील इतकं. त्याला घालव."

हंसा उठली. हिंचक्यासमोर जाऊन उभी राहिली. गुजरातीत तिला शब्द सापडेना, मराठीत तोंडातून निघेना. मग तिने कमरेवर हात ठेवला आणि मीटरपेक्षा जास्त मागणाऱ्या रिक्षावाल्याला लावते तो आवाज लावला.

"काका, बस हो गया. अब जाओ. जाओ यहाँ से!"

काही झालं नाही. पंखा फिरत होता. मग हिंचक्याची कडी एकदा कुरकुरली आणि हिंचका हलला, कुणी नुकतंच उठून गेल्यावर हलतो तसा. पुढे, मागे, पुढे. त्याच्यावर कुणी नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन तिकडूनही पाहिलं. कुणी नव्हतं.

हंसा त्या दिवशी दोन शहाळी प्यायली आणि संध्याकाळी माझ्या घरी तीन पोळ्या जेवली. आठवड्याभरात ओठ भरून आले. पुढच्या सोमवारी आम्ही उत्तनला गेलो, वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा काढल्या, आणि हंसा, जी कांदासुद्धा खात नाही, नाकाला रुमाल लावून चार तास बसली. उठताना मी कोळणीला म्हटलं, "चला, निघतो आम्ही." हंसा काहीच म्हणाली नाही, नुसता हात हलवला. पैजेचे थेपले मी केले होते. पैज कोण हरलं ते ठरलं नव्हतं, पण म्हटलं, जाऊ दे. थेपले दगडासारखे झाले होते आणि तिने चारही खाल्ले.

हे सगळं होऊन आज तीन आठवडे झाले. रोज सकाळी दहा मिनिटं मी तिच्यासमोर बसते, चहा पिता पिता तिचं एक चित्र काढते. एकवीस झाली. भुवई आता छान जमते.

आज मात्र सुभाषची बँकेची कामं होती म्हणून मला जायला जमलं नाही. अकराच्या सुमाराला तिचा फोन आला. मागे पंख्याचा आवाज येत होता.

"मनोरमा, तुझ्याकडे मोठा पातेला आहे? तो सत्यनारायणाच्या वेळचा?"

"आहे की. कशाला?"

"चहा करायची आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हटलं, "हंसा, तू त्याला जा म्हणाली होतीस. मी ऐकलंय."

"हो ना. त्याला म्हणाली," हंसा म्हणाली. "पण आवजो तर मी तिथे बांधावर असतील त्या सगळ्यांना म्हणाली होती ना. आवजो म्हणजे तुम्ही सगळे या. एकट्याला नसते, मनोरमा."

"किती जण आलेत?"

ती मोजत असावी.

"मोजता येत नाही ग..." ती हळूच म्हणाली. "सगळे इकडेच बघतात."